आश्रम चौकातला निळा धूर

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी दिल्लीच्या आश्रम चौकात आमच्या गाडीतून निळा धूर निघाला, वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आई शाळेत दुसऱ्या तासाला पोचली. गाडीत दोघंच होती. बाबा चालवत होते, आई शेजारी बसली होती. तिसऱ्या माणसाला त्या गाडीत जागा नव्हती.

धूर निघण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण या वेळी तो इतका होता की मागच्या बसचा कंडक्टर खाली उतरून बघायला आला. हवालदाराने खिडकीशी वाकून बाबांना विचारलं, "अंकल जी, डेंगू वालों ने भेजा है क्या?" त्या दिवसांत डास मारायला गल्लोगल्ली धुराची यंत्रं फिरत होती. बाबांनी प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र काढून दिलं. ते ताजं होतं आणि त्यात गाडी पास होती. हवालदाराने ते वाचून परत केलं. "काग़ज़ तो ठीक है जी. गाड़ी को भी दिखा दो." त्याने दंड केला नाही. आई ऑटो करून पुढे गेली. बाबांनी गाडी कडेकडेने फरीदाबादला परत आणली.

आई करोल बागेत मुलींच्या एका शाळेत गणित शिकवायची. दहावीचा पहिला तास तिचा असे. त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं होतं. बाई सौम्य बोलल्या. तुम्ही फार लांब राहायला गेलात, रोज वेळेवर पोचणं तुमच्या हातात राहिलेलं नाही, दहावीचं वर्ष आहे. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मला काय ते सांगा, नाही तर मी दुसऱ्या सत्रापासून वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला देते. आईने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे एवढंच म्हणाली की वर्ग गेला तर ती नुसती हजेरीपुरती शाळेत जाणार नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देईल. तिच्या नोकरीची अजून काही वर्षं बाकी होती. ती सोडायची तिची इच्छा नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बसने जाणं शक्य नव्हतं. आदल्या थंडीत बदरपूरला चालत्या बसमध्ये चढताना ती पडली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. फळ्यावर लिहिताना ते अजून दुखायचं. मेट्रो तेव्हा दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला नुकती धावू लागली होती. ती कधी फरीदाबादपर्यंत येईल असं कोणी म्हणालं, तर लोक हसून सोडून द्यायचे. राहता राहिली गाडी.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. तिथून आईची शाळा एका बसवर होती. क्वार्टर सोडल्यावर आम्ही फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये आलो. बाबांच्या दफ्तरातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, तिच्यात आमचा फ्लॅट होता. तीन खोल्या, दोन बाल्कन्या, समोर मोकळं मैदान आणि त्यात उभे राहत असलेले इतर सोसायट्यांचे सांगाडे. रस्ते रुंद होते. ते जिथे संपायचे तिथे मोहरीची शेतं सुरू व्हायची. मी एका वर्तमानपत्राच्या बातमी विभागात डेस्कवर काम करायचे आणि शटल रेल्वेने टिळक ब्रिजला उतरायचे. माझी पाळी दुपारी सुरू होई, त्यामुळे मला अडचण नव्हती. अडचण आईची होती. तिला उजाडता उजाडता निघावं लागे, आणि शटलने गेली तरी टिळक ब्रिजहून पुढे पुन्हा बसच होती.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो फरीदाबादमध्येच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होता. त्याला न्यायला कारखान्याची बस सोसायटीच्या फाटकाशी येई, म्हणून आठवडाभर गाडी मोकळी असे. आमच्या लहानपणी रस्त्यावर दोन-तीन जातींच्या गाड्या दिसायच्या आणि त्यांतली एकही आमच्या ओळखीच्या कोणाची नसायची. आम्ही कॉलेजात जाईपर्यंत बाजार खुला झाला आणि दर वर्षी नवी गाडी येऊ लागली. त्या गर्दीत एका लहानशा कारखान्याने दोन सीटची, ठेंगणी, फायबरच्या बॉडीची स्पोर्ट्स कार काढली. किंमत नोकरदाराला परवडेल अशी होती. ती फारशी खपली नाही आणि लवकरच बंद झाली. गुडगावच्या कॉल सेंटरमधला एक मुलगा परदेशी निघाला होता, त्याच्याकडून भावाने ती जुनी घेतली. रंग लाल.

ती घरी आली तेव्हा आई साडी सावरत आत बसली आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की पाट?"

"पाटच. फक्त ताट समोर नाही," बाबा म्हणाले.

उतरण्याची एक रीत आईने स्वतः शोधून काढली. आधी दोन्ही पाय बाहेर, मग डावा हात दाराच्या चौकटीवर, मग पर्स, मग ती. शाळेच्या फाटकाशी मुली हे बघायला उभ्या राहू लागल्या. नववीतली एक मुलगी तिला म्हणाली, "मैम, आप हेलमेट नहीं पहनतीं?" आईने तिला त्या दिवशी फळ्यावर गणित सोडवायला लावलं.

गाडी दिसायला जेवढी चपळ, तेवढी चालायला नव्हती. इंजिन साध्या लहान गाडीतलं होतं. मे महिन्यात एसी लावून सरिता विहारचा उड्डाणपूल चढायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत जावं लागे आणि मागून बस हॉर्न वाजवत चिकटे. बाबा चढ आला की एसी बंद करायचे आणि उतार लागला की सुरू करायचे. आई म्हणायची, त्या बटणाच्या टकटकीनेच तिला जास्त घाम येतो. बाबांचं मत होतं की दिसते विमान आणि पळते आमच्या जुन्या स्कूटरएवढी.

भावाच्या मनात टर्बो बसवायचं गाडी घेतल्यापासून होतं. आईच्या घामाने त्याला निमित्त मिळालं. टर्बो म्हणजे काय हे त्याने जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या उपड्या ठेवून समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक लहान पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. "वाया जाणारा धूर कामाला लावायचा, बस," तो म्हणाला. वाया जाण्याबद्दलचं वाक्य बाबांना पटलं आणि परवानगी मिळाली.

काम उन्हाळ्याच्या रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये झालं. टर्बो मायापुरीच्या भंगार बाजारातून आला. परदेशातल्या कुठल्याशा छोट्या मोटारीतून काढलेला तो मुठीएवढा तुकडा होता. तो इंजिनाला जोडायला लागणारी लोखंडी नळी भावाच्या ओळखीच्या एका वेल्डरने दोनदा बनवली, कारण पहिली बॉनेटला लागत होती. दाब दाखवणारी काट्याची तबकडी करोल बागेच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाली. ती शाळा सुटल्यावर आईनेच घेतली. दुकानदाराने तिला विचारलं, बेटे के लिए? ती म्हणाली, नहीं, अपने लिए, और पक्का बिल दीजिए. पेट्रोलचा पंप मोठा घातला, रेडिएटर बदलला, हवा थंड करणारी जाळी पुढच्या बंपरमागे बसवली. शर्यतीची हौस भावाला नव्हती, निदान त्या गाडीत नव्हती. दाब त्याने मुद्दाम कमी ठेवला. रोज सकाळी फरीदाबाद ते करोल बाग आणि परत, एसी लावून, न रडता, एवढंच त्याला हवं होतं आणि ते त्याला मिळालं. जुलैमध्ये बाबा पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये सरिता विहारचा पूल चढून गेले. एसीच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही.

चावी देताना भावाने त्यांना एक नियम सांगितला होता. टर्बो तापून लाल होतो आणि त्याचा दांडा तेलावर तरंगत फिरतो. तापलेला असताना इंजिन एकदम बंद केलं तर तेल जागच्या जागी थांबतं आणि जळतं. म्हणून पोचल्यावर लगेच बंद करायचं नाही, एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं. बाबांनी हा नियम कधी मोडला नाही. शाळेच्या फाटकाशी आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते घड्याळ बघत बसून राहायचे. सोसायटीच्या चौकीदाराला बरेच दिवस वाटत होतं की साहेब कोणाची तरी वाट बघतात.

धूर पावसाळा संपताना सुरू झाला. आधी थोडा, कधीतरी. मग आठवड्यातून बऱ्याचदा. मग गाडी थांबवून बॉनेट उघडावं लागू लागलं आणि आईला उशीर होऊ लागला. भाऊ रविवारी गाडी सूरजकुंडच्या रस्त्यावर नेऊन बघायचा. तेव्हा धूर नसायचा. तो परत येऊन म्हणायचा, "बिल्कुल ठीक आहे यार. बाबा, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का?" बाबा म्हणायचे, तुझ्या जन्माआधीपासून क्लच वापरतो आहे. धूर बाबांच्या हातीच निघतो, ही गोष्ट घरात दोन प्रकारे समजली जाऊ लागली. भावाला वाटे, बाबा गाडी चुकीची चालवतात. बाबांना वाटे, गाडीत मुळातच काहीतरी चुकलं आहे आणि ते कबूल करायला मुलगा तयार नाही.

त्या शनिवारी दुपारी फरीदाबादच्या एनआयटी भागातल्या बाजारामागचा मिस्त्री घरी आला. त्याने इंजिन चालू करून मागे उभं राहून वास घेतला आणि निकाल दिला, "रिंगें गईं जी. इंजन खुलेगा." रिंगा म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या पोलादी कड्या. त्या गेल्या तर तेल वर चढून जळतं आणि धूर निळा येतो.

"कब तक होगा?" भावाने विचारलं.

"छठ के बाद. लड़के तो सब कल से बिहार निकल रहे हैं."

छठ दिवाळीनंतर येते, आणि गॅरेजमधली मुलं त्यानंतरही आपल्या सोयीने परततात. शिवाय ही गाडी निघायची बंद झालेली, रिंगा शोधाव्या लागल्या असत्या. शाळा भाऊबीजेनंतरच्या सोमवारी उघडणार होती. तोवर गाडी मिळणार नव्हती. जे व्हायचं ते सगळ्यांना समजलं होतं.

संध्याकाळी आई चकल्या तळत होती. भाजणी पुण्याहून मावशीने पाठवली होती. माझा साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता, मी सोऱ्या धरून बसले होते. बाबा आणि भाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून पुन्हा तेच बोलत होते.

"दाब जास्त ठेवला असशील," बाबा म्हणाले.

"नाही ठेवला. मी चालवतो तेव्हा का नाही येत धूर?"

"तू रविवारी चालवतोस. मोकळ्या रस्त्यावर. गाडीला सुट्टी असते तशी."

"मग तुम्ही सोमवारी काय करता तिला? काहीतरी तर करता. एक काम करा, तुम्ही चालवूच नका."

 बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

डेस्कवर अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिथे कोण होतं? पोलिस काय म्हणतात, मालक काय म्हणतो, हे त्यानंतर. महिनाभर आमच्या घरात गाडीबद्दल इंजिनीअर बोलला होता, चालक बोलला होता, मिस्त्री बोलला होता. रोज सकाळी गाडीत बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं. मी सोऱ्या खाली ठेवला आणि विचारलं, "आई, धूर नक्की कधी येतो?"

"हिरवा झाला की," आई म्हणाली. तिने झाऱ्याने चकली उलटली.

"म्हणजे?"

"दिवा हिरवा झाला की हे चावी फिरवतात. गाडी सुरू झाली की येतो."

भाऊ दारातून आत आला. "चावी का फिरवतात?"

"बंद केलेली असते म्हणून," बाबा बाल्कनीतून म्हणाले. त्यांना ऐकू जात होतं.

"कुठे बंद केलेली?"

"लाल दिव्याला."

"कुठल्या लाल दिव्याला?"

"प्रत्येक," आई म्हणाली. "स्कूटर होती तेव्हापासून. पिवळा दिसला की हात चावीवर जातो. पूल उतरून भरधाव आलो आणि पुढे लाल असला, तरी आधी चावी, मग ब्रेक."

"ब्रेक आधी," बाबा म्हणाले. "उगाच काहीतरी सांगू नकोस."

भावाने फरीदाबादपासून सिग्नल बोटांवर मोजायला सुरुवात केली. मथुरा रोड संपेपर्यंत त्याने दोन्ही हातांची बोटं दोनदा वापरली आणि मग सोडून दिलं. तो ओट्याला टेकला. "बाबा. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, एक मिनिट."

बाबा आत आले. ते शांत होते. "तू म्हणालास, पोचल्यावर एक मिनिट. मी पोचल्यावर एक मिनिट थांबतो. सोसायटीच्या चौकीदाराला विचार. लाल दिवा म्हणजे पोचणं नव्हे."

"यार बाबा."

"यार काय? चौकाचौकात पाट्या लावल्या आहेत, लाल दिव्याला इंजिन बंद ठेवा, पेट्रोल वाचवा. आमच्या दफ्तरात तर सर्क्युलर निघालं होतं."

"टर्बोला सर्क्युलर नाही पोचलं."

आई हसली. चकलीचा घाणा करपायला आला होता, तो तिने काढला. बाबाही थोडे हसले, पण लगेच गंभीर झाले. "मग रिंगा?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, बघू. त्या संध्याकाळी त्याने चार चकल्या गरम असतानाच खाल्ल्या. महिनाभरात तो स्वयंपाकघरात इतका वेळ बसला नव्हता.

रविवारी सकाळी खात्री करून घ्यायचं ठरलं. भाऊ चालवणार आणि आई शेजारी बसणार, कारण बाबांची पद्धत तिलाच पाठ होती. दोघं सरिता विहारपर्यंत जाऊन आली. जाताना आईने त्याला प्रत्येक सिग्नलवर बाबांसारखं चालवायला लावलं: पिवळा दिसला की न्यूट्रल, थांबलं की लगेच चावी. पहिल्या दोन सिग्नलांवर काही झालं नाही. पुढच्यावर गाडी सुरू करताना निळा धूर आला, त्याच्या पुढच्यावर जास्त आला आणि एक स्कूटरवाला शिवी देऊन गेला. परतताना भावाने एकदाही इंजिन बंद केलं नाही. धूर आला नाही. घरी आल्यावर आईने बाबांना सांगितलं, "तुमचा मुलगा तुमच्यासारखी चालवायला लागला की तुमच्यासारखाच धूर काढतो."

मग पार्किंगमध्ये काम सुरू झालं. भावाने कारखान्यातून इंजिनाचा दाब मोजायचं उपकरण आणलं. स्पार्क प्लग एकेक काढून प्रत्येक सिलिंडरला ते लावलं. मी आत बसून स्टार्टर मारत होते आणि तो आकडे वाचत होता. चारही सिलिंडरांचे आकडे पुरेसे आणि सारखे निघाले. रिंगा गेल्या असत्या तर ते तसे निघाले नसते. त्याने उपकरण पुसून डब्यात ठेवलं आणि मडगार्डला टेकून जमिनीवर बसला. म्हणाला, "ताई, जा, आईला सांग. इंजिन ठीक आहे."

मी वर जाऊन सांगितलं. आई लाडू वळत होती. "म्हणजे उघडायचं नाही?"

"नाही."

"मग शाळेच्या साड्या इस्त्रीला टाकते," ती म्हणाली. नंतर तिने हात धुतले आणि भावासाठी चहा घेऊन स्वतः खाली आली.

टर्बोतून तेल परत खाली उतरवणारी एक लोखंडी नळी असते. भावाने ती काढली तेव्हा तिच्या तोंडात जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळा काळा, कडक थर. प्रत्येक लाल दिव्याला तापलेल्या टर्बोतलं तेल थांबून जळत होतं, थोडं थोडं नळीत बसत होतं. वाट अरुंद झाली तसं तेल उतरेना, ते आतच साचू लागलं आणि गाडी पुन्हा सुरू केली की धुरातून बाहेर पडू लागलं. भावाने दोन बोटांनी टर्बोचा पंखा धरून हलवून पाहिला. तो सैल नव्हता, दांडा शाबूत होता. नुसती नळी तुंबली होती.

आईने नळी हातात घेऊन उजेडात धरली. "केवढी काजळी धरली आहे."

"काजळी दिव्याला धरते ना?" भाऊ म्हणाला. तो दिल्लीत वाढला. असे शब्द त्याला अर्धेच माहीत असत.

"ज्याला तेल आणि आग मिळते त्याला धरते."

बाबा मागे उभे होते. त्यांनी नळी मागून घेतली आणि तिच्यातून आरपार बघायचा प्रयत्न केला. भाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "सिग्नलचं मी सांगायला हवं होतं. आणि काल बोललो ते..."

"चहा गार होतो आहे," बाबा म्हणाले.

मिस्त्री सोमवारी सकाळी गॅरेजमधल्या मुलांना स्टेशनवर सोडून आला. त्याने नळी बघितली, आकडे ऐकले आणि मान हलवली. "मैं तो कह ही रहा था जी, इंजन में कुछ नहीं है." भावाने वाद घातला नाही. मिस्त्रीने आधीपेक्षा रुंद नळी वाकवून दिली, टर्बोची आतली वाट रॉकेलने साफ केली आणि नवं तेल भरलं. दिवाळीचे दिवे लागायच्या आत गाडी जोडून झाली होती.

आता राहिले बाबा. भावाने सुचवलं की बाजारात एक यंत्र मिळतं. चावी काढली तरी ते इंजिन मिनिटभर चालू ठेवतं. मग त्याच्याच लक्षात आलं की बाबा सिग्नलला चावी बंद करतील, इंजिन चालूच राहील, दिवा हिरवा झाला की ते सवयीने पुन्हा स्टार्टर मारतील आणि स्टार्टरचे दात जातील. यंत्र रद्द झालं. शिकायचं बाबांनाच होतं.

सुट्टीत रोज सकाळी आई आणि बाबा मथुरा रोडवर सरावाला जाऊ लागले. आई परत येऊन अहवाल द्यायची. पहिल्या दिवशी दोनदा बंद केली, मग स्वतःवरच चिडले. दुसऱ्या दिवशी हात चावीपर्यंत गेला आणि परत आला. त्यानंतर बाबांनी एक युक्ती काढली. लाल दिवा दिसला की उजवा हात खिडकीची काच खालीवर करायच्या दांड्यावर घट्ट धरून ठेवायचा, दिवा बदलेपर्यंत सोडायचा नाही.

"आजूबाजूचे सगळे बंद करून उभे असतात," ते जेवताना म्हणाले. "आपण एकटेच फुरफुर करत बसायचं. लोक बघतात."

"लोक गाडीकडे बघतात," आई म्हणाली. "लाल आहे. आणि त्यात तुम्ही."

भाऊबीजेला मी भावाला ओवाळलं. त्याने विचारलं, ओवाळणी काय हवी? मी म्हणाले, फिरवून आण. टर्बो बसवल्यापासून मी त्या गाडीतून कुठे गेले नव्हते, आई-बाबांची वेळ आणि माझी वेळ जुळत नसे. दुपारी आम्ही दिल्लीच्या बाजूला निघालो. बदरपूरच्या नाक्यावर नेहमीची कोंडी होती. ती सुटल्यावर त्याने एसी लावलेलाच ठेवला आणि सरिता विहारच्या पुलाकडे वळला. चढ लागला तेव्हा दाबाच्या तबकडीची सुई हळूच वर सरकली, पायाखालून एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली आणि पाठ सीटला टेकली. गाडी चौथ्या गिअरमध्ये वर गेली. त्याने वेग वाढवला नाही. एक बस आमच्या मागे होती, तिने हॉर्न वाजवला नाही. पुलावरून खाली उतरताना तो म्हणाला, "बस, एवढंच हवं होतं." पुढच्या सिग्नलला आम्ही इंजिन चालू ठेवून उभे राहिलो. मी मागच्या काचेतून बघत होते. मागे एक टेम्पो होता, त्यावर झेंडूच्या सुकलेल्या माळा होत्या, आणि मधली हवा स्वच्छ होती.

शाळा उघडली त्या सोमवारी आई आणि बाबा नेहमीच्या वेळी निघाले. आईने इस्त्रीची निळी साडी नेसली होती. भाऊ कारखान्याच्या बसला जायच्या आधी खाली उभा होता. बाबांनी त्याला बघून खिडकीतून हात केला आणि गाडी फाटकाबाहेर गेली. भावाने बस येईपर्यंत दोनदा मला वर हाक मारून विचारलं, फोन आला का? मी सांगितलं, अजून ते बदरपूरलाही पोचले नसतील. तो गेला.

मी फोनच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. ठरलं होतं की काही झालं तर बाबा वाटेतल्या एखाद्या पीसीओवरून फोन करतील. शाळा भरायची वेळ झाली तरी फोन आला नाही. त्यानंतर थोड्या वेळाने भावाचा कारखान्यातून आला. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, नाही म्हणजे चांगलं ना? मी म्हणाले, अजून काही कळलेलं नाही.

पहिला तास संपल्यावर शाळेच्या ऑफिसातून आईचा फोन आला. मागे मुलींचा आवाज होता. ती म्हणाली, घंटेच्या आधी पोचले. धूर नाही. बाबांनी वाटेत एकदाही चावीला हात लावला नाही, आश्रमला बराच वेळ थांबावं लागलं तेव्हासुद्धा नाही. ते मिनिटभर थांबून मग इंजिन बंद करून बाहेर उतरले आणि फाटकासमोर चहा पीत उभे आहेत.

"आणि बाईंना भेटलीस?" मी विचारलं.

"भेटले. सांगितलं त्यांना, रोज वेळेवर येईन म्हणून."

दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक त्या भेटीनंतर लगेच शिक्षकांच्या खोलीत लागलं होतं. तिने ते मला फोनवरच सांगितलं. पहिला तास दहावीचा होता आणि तो तिच्याच नावावर होता.